भिंतीवरचा फितूर

राजकोटच्या एका प्रसूतिगृहात तपासणीसाठी आलेल्या स्त्रियांची सीसीटीव्ही चित्रणे यूट्यूब आणि टेलिग्रामच्या आडून विकली जात होती, हे फेब्रुवारी २०२५ मध्ये उघडकीस आले. पकडलेल्यांत लातूर-सांगलीकडची माणसे होती, म्हणजे लाज आपल्याही वाट्याची. पण तपासात निघालेला कॅमेऱ्याचा पासवर्ड मला त्याहून बोचला : 'ॲडमिन१२३'. चोराला भिंत फोडावी लागलीच नाही.

चोराला शिक्षा व्हायलाच हवी. पण तपासणीच्या खोलीत कॅमेरा लावून त्याची किल्ली उंबऱ्यावर ठेवणाऱ्याला आपण 'बिचारा फसला' म्हणून सोडून देतो, आणि तोंड लपवायचे ते त्या स्त्रीने! हा उफराटा न्याय आपल्याला खटकत कसा नाही?

कॅमेरा हा इंटरनेटला जोडलेला छोटा संगणकच असतो. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक पासवर्ड एकामागून एक लावून पाहिले आणि लाखो कॅमेरे, चित्रण साठवणारे डीव्हीआर, राउटर ताब्यात घेतले. रचणारी पोरे जेमतेम विशीतली. २१ ऑक्टोबरला असल्या उपकरणांच्या फौजेने वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या 'डाइन' कंपनीवर हल्ला चढवला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स अमेरिकेत कित्येक तास अडखळले. मालकाच्याच विजेवर चालणारे हे फितूर. मालकाला पत्ता नाही, कारण चित्र तर स्वच्छ दिसत होते. कॅमेरा बंद करून सुरू केला की मिराई पुसला जाई. पासवर्ड तोच राहिला तर काही मिनिटांत परत येई.

'चित्र दिसतंय ना, मग कशाला हात लावायचा?' हे आमच्या सोसायटीच्या सभेत मी स्वतः ऐकले आहे. जिन्याच्या रंगावर दीड तास खल झाला होता. पासवर्ड ठाऊक होता फक्त कॅमेरे बसवून गेलेल्या पोराला, आणि त्याचा नंबर लागत नव्हता.

एप्रिल २०२५ पासून नवे कॅमेरे सुरक्षेच्या चाचणीशिवाय विकता येत नाहीत. उत्तम. पण आठ वर्षांपूर्वी टांगलेल्या कॅमेऱ्यापर्यंत तो नियम पोचत नाही. कंपनीने अपडेट थांबवले की त्यातली भोके जगाला ठाऊक होतात आणि बुजवणारा कोणी उरत नाही.

पुढच्या सभेत विचाराच : पासवर्ड कोणाकडे आहे, आणि शेवटचे अपडेट कधी झाले? उत्तर आले नाही, तर डीव्हीआरची इंटरनेटची वायर त्याच दिवशी काढायला लावा. चित्रण आतल्या डिस्कवर साठतच राहील.