दोष काढणे व दोष झाकणे

दोष आढळला असता तो काढून टाकावा, झाकून ठेवू नये, हे तत्त्व तोंडाने नाकारणारा मनुष्य आम्हांस अद्याप भेटलेला नाही. जे सर्वांनाच मान्य आहे त्याविषयी चार पाने खर्ची घालणे म्हणजे वाचकांच्या सहनशीलतेची परीक्षा पाहणे होय, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु सर्वमान्य तत्त्वांची गोष्ट अशी आहे की, मान्य करताना ती जितकी सोपी वाटतात, तितकी ती पाळण्याची वेळ आली म्हणजे ओळखूही येत नाहीत. दोष झाकण्याचे कृत्य आपल्यापुढे स्वतःच्या नावाने कधीच येत नाही. ते बहुधा ‘दुरुस्ती’ हेच नाव धारण करून येते. या वेषांतराचा एक लहानसा अनुभव आम्हांस सातपुड्यातील मोलगी या गावी आला. त्यात आमची स्वतःचीही थोडी नाचक्की आहे. तथापि प्रश्न महत्त्वाचा असल्यामुळे ती सांगण्यास आम्ही संकोच करीत नाही.

मोलगी हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील डोंगरावरचे बाजाराचे गाव आहे. तालुक्याचे ठिकाण खाली सपाटीवर, मोलगी वर, आणि दोहोंच्या मध्ये देवगोईचा घाट. भोवतालच्या पाड्यांवरील आदिवासी कुटुंबे डोंगरउतारावर भगर पिकवितात, आणि उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, त्यांच्या फोडी उन्हात वाळवून आमचूर करतात. बाजाराच्या दिवशी माणसे आणि पोती यांची वाहतूक मोठ्या प्रमाणावर जीपगाड्यांवर चालते. अशाच एका जुन्या डिझेल जीपमधून एका दुपारी आम्हांस घाट उतरावयाचा होता. पोती चढली होती, उतारू बसले होते, आणि चालकाने इंजिन सुरू केले. गाडी उभी, गिअर मोकळा, पायाखालचा ॲक्सिलरेटर मुळीच दाबलेला नाही. आणि तरीही इंजिन असे ओरडू लागले की जणू चढावर पूर्ण भार ओढीत आहे. चालकाने घाईघाईने बंद करण्याचा दांडा ओढला. विचारता असे कळले की, इंजिन नुकतेच खालच्या एका गॅरेजात संपूर्ण उघडून नव्याने बांधून घेतले होते. बांधल्यावर तेथेही ते असेच धावत सुटले. तेव्हा तेथल्या कारागिराने एक स्क्रू फिरविला, आवाज खाली आला, आणि गाडी ताब्यात मिळाली.

यंत्राशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी येथे थोडा खुलासा करणे अवश्य आहे. या जुन्या घडणीच्या काही डिझेल इंजिनांत वेगाला लगाम घालण्याची योजना मोठी कौतुकास्पद असते. हवा आत घेण्याच्या मार्गात एक पाकळी असते. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की ती जवळजवळ मिटते. इंजिन तर पलीकडून हवा ओढीतच असते. त्यामुळे तेथील दाब उतरून एक प्रकारची पोकळी उत्पन्न होते. ही पोकळी एका बारीक नळीने डिझेलच्या पंपाला लावलेल्या डबीपर्यंत नेलेली असते. डबीत एक पातळ पडदा आणि एक स्प्रिंग असते. स्प्रिंग पंपाच्या दांड्याला अधिक डिझेल सोडण्याच्या बाजूस रेटीत असते. पोकळी पडद्याला ओढून तोच दांडा मागे घेत असते. या दोहोंच्या ओढाताणीत इंजिनाचा वेग स्थिर राहतो. नळीला चीर गेली की बाहेरची हवा आत शिरते, पोकळी दुबळी होते, स्प्रिंग जिंकते, आणि कोणी पाय दिलेला नसतानाही इंजिन उधळते. पाकळीने कितपत मिटावे हे ठरविणारा जो स्क्रू असतो तो फिरवून पाकळी आणखी मिटविली, तर पोकळी काही अंशी भरून निघते आणि आवाज बसतो. चीर मात्र जेथल्या तेथेच राहते. गाडीच्या हादऱ्यांनी ती वाढत गेली म्हणजे स्क्रूची मात्रा पुरेनाशी होते. पेट्रोलच्या इंजिनातही कार्ब्युरेटरखालचे पॅकिंग नीट बसले नाही तर आगंतुक हवा अशीच शिरते आणि असाच गोंधळ उडविते.

उभ्या गाडीत ही केवळ कानांची पीडा वाटेल. घाटात तसे नाही. उतारावर पाय सोडला असता इंजिनाने गाडीला मागे ओढून धरावे, ही चालकाची मोठी भिस्त असते. तेच इंजिन पुढे रेटू लागले म्हणजे ब्रेकला उतार आणि इंजिन अशा दोघांशी झुंजावे लागते. ब्रेक तापतात, आणि तापलेल्या ब्रेकची पकड सुटत जाते. शिवाय नव्या रिंगा व बेअरिंगे एकमेकांच्या अंगवळणी पडेपर्यंत इंजिन बेतानेच चालवावयाचे असते. ती शिस्त तर पहिल्या मिनिटालाच मोडली जाते.

जवळच एका तरुण मिस्त्रीचे दुकान होते. चालक वयाने त्याच्याहून बराच मोठा, त्याने त्यास सांगितले, “भाऊ, तो स्क्रू अजून अर्धा फेरा फिरव, म्हणजे झाले. खाली गेल्यावर बघू.” उतारूंनी माना डोलावल्या. आमचे पुढील काम खोळंबत होते; सबब आम्हीही तोंड घातले आणि अर्ध्या फेऱ्याने भागत असेल तर उगाच कीस काढू नये, असा शहाणपणाचा सल्ला दिला. मिस्त्री शांतपणे म्हणाला, “काका, स्क्रू फिरवला तर आवाज बसेल. पण आवाज का होतो ते कसे समजणार?” मग त्याने चालकास एकच प्रश्न विचारला: इंजिन उघडले तेव्हा काय काय सुटे केले होते? या प्रश्नाचे महत्त्व तेव्हा आमच्या ध्यानात आले नाही.

त्याने प्रथम ॲक्सिलरेटरचा दांडा पूर्ण परत येतो की नाही हे पाहिले. मग त्याची स्प्रिंग पाहिली. मग ज्या ज्या सांध्याला अलीकडे हात लागला होता तो तो सांधा बोटाने चाचपला. पाऊण तास गेला. एक वृद्ध बाई कंटाळून उतरली आणि आपले आमचुराचे पोते घेऊन दुसऱ्या जीपमध्ये गेली. त्या जीपच्या मागच्या फळीवर आधीच माणसे लोंबकळत होती. अखेर त्या बारीक नळीचे टोक मिस्त्रीने सोडविले. रबर जुने होऊन कडक झाले होते. बांधणीच्या वेळी ते पुन्हा जबरीने बसविले असावे. क्लिपच्या खाली, वरून मुळीच दिसणार नाही अशी, एक चीर गेली होती. त्याने बोटभर टोक कापून टाकले, उरलेली नळी नीट बसविली आणि क्लिप आवळली. चालकाने इंजिन सुरू केले. ते दोन आचके देऊन बंद पडले. पुन्हा सुरू केले. पुन्हा बंद पडले. उतारू हसू लागले. याहून आधीचे ओरडणे बरे होते, असे कोणी बोललेही. मिस्त्रीने तो स्क्रू दोन फेरे मागे घेतला, आणि इंजिन संथ, एकसारखे चालू लागले.

त्या दुपारी अपघात टळला असे आम्ही म्हणत नाही. स्क्रू फिरवून निघालो असतो तरीही कदाचित सुखरूप पोहोचलो असतो. आमच्या मनात घोळत राहिले ते निराळेच. दुरुस्ती झाल्यावर इंजिन बंद का पडले? तर दोष झाकण्यासाठी केलेली तडजोड तशीच राहिली होती म्हणून. जोवर चीर होती तोवर स्क्रूची ती स्थिती उपयोगाची भासत होती. चीर जाताच तीच स्थिती स्वतः दोष होऊन बसली. झाकलेला दोष एकटा राहत नाही. तो आपल्या मापाचा दुसरा दोष घडवून घेतो, आणि पुढे एक काढू जाता दुसरा उघडा पडतो. मग पाहणाऱ्यास असे वाटते की, खरी दुरुस्ती करणाऱ्यानेच बिघडविले! संस्थांच्या जमाखर्चात याचा पडताळा नित्य येतो. मेळ बसेना म्हणून चिटणीस थोडी रक्कम ‘किरकोळ’ खाती टाकतो आणि बेरीज जुळवितो. पुढल्या वर्षी एखादा प्रामाणिक हिशेबनीस मूळची चूक शोधून काढतो. तो काय, त्याच क्षणी जुळलेली बेरीज पुन्हा विसकटते, आणि सभेत जाब विचारला जातो तो मात्र या दुसऱ्याला.

दुसरा मुद्दा मिस्त्रीच्या प्रश्नाचा. काय सुटे केले होते, हे विचारण्यात शोधाची एक नीती आहे. बांधणीपूर्वी जो विकार नव्हता तो बांधणीनंतर दिसला, तर संशयाचा पहिला मान बांधणाऱ्या हाताचा. परंतु मनुष्यस्वभाव नेमका उलट चालतो. कारागीर डिझेलला दोष देतो, पंपाला देतो, चालकाच्या पायाला देतो. आपण शेवटी आवळलेल्या क्लिपकडे तो सर्वांच्या शेवटी वळतो. आणि कारागिरासच नावे का ठेवावीत? नवी शिस्त घरात आम्ही लावावी, मूल घुमे व्हावे, आणि आम्ही शाळेला, शेजाऱ्यांना, काळाला बोल लावावा, हा प्रकार सुशिक्षित घरांत अपरिचित आहे काय? स्वतःच्या हातावर प्रथम संशय घेणे यात नम्रतेचे प्रदर्शन नाही. ती शोध लवकर संपविण्याची वाट आहे.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो दुर्लक्षून चालावयाचे नाही. ती वृद्ध बाई दुसऱ्या जीपमध्ये लोंबकळत गेली. आमच्या गाडीतील निर्दोषतेची किंमत काही अंशी तिने दिली. ज्या गावी पर्याय थोडे, तेथे ‘आधी मूळ कारण, मग प्रवास’ असा हट्ट धरणे ही भरल्या पोटाची नीती तर नव्हे? वैद्यही रोगाचे निदान होण्यापूर्वी ताप उतरविण्याचे औषध देतोच. हा आक्षेप आम्हांस खरा वाटतो. तात्पुरत्या उपायावाचून संसार चालत नाही. आणि स्क्रू फिरविणे हे स्वतःसिद्ध पाप नव्हे. मग पाप कोठे सुरू होते? आमच्या मते, जेथे तात्पुरता उपाय आपले तात्पुरतेपण लपवितो तेथे. वैद्य ताप उतरवितो, पण ताप होता हे कागदावर लिहून ठेवतो. खालच्या कारागिराने स्क्रू फिरवून चालकास असे सांगितले असते की, मूळ कारण मला सापडलेले नाही, हा केवळ आधार आहे, घाटात भार घेऊन जाऊ नका, तर त्याला दोष देण्यास आम्हांस जागा उरली नसती. त्याने न सांगता गाडी दिली. आणि धोका पत्करण्याचा जो अधिकार चालकाचा व उतारूंचा होता तो त्यांच्या नकळत स्वतः वापरला. आम्ही सल्ला दिला तेव्हा आम्हीही हेच करीत होतो. मागे बसलेल्या माणसांना त्या अर्ध्या फेऱ्याचा अर्थ ठाऊक नव्हता. आम्हांसही नव्हता, आणि तरी आम्ही सर्वांच्या वतीने बोललो.

सांगणे याचा अर्थ नुसते बोलणे असाही नव्हे. ज्याच्यावर बेतणार त्याच्यापर्यंत ते पोहोचले पाहिजे. मोटारींच्या इतिहासात याचे एक दारुण उदाहरण नोंदलेले आहे. २००९ च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सान डिएगोजवळ एका विक्रेत्याने ग्राहकास तात्पुरती वापरावयास दिलेली मोटार आवरेना, आणि तीतील चौघे जण मृत्यू पावले. तपासात असे आढळले की, त्या गाडीत दुसऱ्याच नमुन्याच्या गाडीची पायचटई घातली होती आणि तिच्यात ॲक्सिलरेटर अडकला होता. त्याहून खेदाची गोष्ट ही की, काही दिवसांपूर्वी तीच गाडी वापरून परत करणाऱ्या एका गृहस्थाने नेमकी हीच तक्रार तेथील स्वागतिकेपाशी बोलून दाखविली होती. शब्द उच्चारला गेला. तो पुढे गेला नाही. तीही एक चीर पडलेली नळीच होती.

यंत्रांना स्वतःचा वेग स्वतः आवरावयास लावण्याची खटपट जुनी आहे. जेम्स वॉटने १७८८ मध्ये आपल्या वाफेच्या इंजिनास फिरत्या गोळ्यांचा नियामक लावला; आणि १८६८ मध्ये मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने अशा नियामकांवर निबंध लिहून असे दाखविले की, नियामक लावल्यानेच स्थैर्य येते असे नाही; त्याच्या रचनेत काही अटी पाळल्या गेल्या नाहीत तर वेगाचे हेलकावे उलट वाढत जातात. आपल्याकडे हाच विचार मनुष्याच्या मनाविषयी त्याहून फार पूर्वी झालेला आहे. इंद्रियांना बाहेरून आवरून मनात विषय घोळवीत बसणाऱ्यास गीतेच्या तिसऱ्या अध्यायात मिथ्याचारी म्हटले आहे. बाहेरून शांत दिसणारे पण आतून हवा गिळणारे इंजिन हे त्या मिथ्याचाराचे लोखंडी रूप म्हणावयास हरकत नाही. दोहोंतही फसतो तो शांततेवर विश्वासून उताराला लागलेला मनुष्य.

आम्ही घाट उतरलो तेव्हा दिवस कलला होता. चालक पाय सोडी आणि इंजिन गाडीला मागे धरी. वळणामागून वळण गेले. खाली पोहोचल्यावर चालकाने ते कापलेले रबराचे टोक खिशातून काढून आम्हांस दाखविले. ज्या गॅरेजात इंजिन बांधले होते तेथे तो ते नेऊन दाखविणार होता. भांडावयास काय, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “नाही. पुढच्या गाडीला त्यांनी बघावे म्हणून.” आमच्या या लांबलेल्या निबंधाचे सार त्या एका वाक्यात आले आहे, असे म्हटल्यास वाचक आमच्यावर रागावणार नाहीत अशी आशा आहे.