कुळाचें दुखणें

मनुष्याच्या अगदीं खासगी मालकीच्या ज्या थोड्या गोष्टी आहेत, त्यांत त्याचें दुखणें ही एक, अशी आपली समजूत आहे. वैद्याच्या कानीं घातलेली गोष्ट षट्कर्णी होऊं नये, हा वैद्यकाचा जुना दंडक तिच्यावरच उभा आहे. परंतु स्तनांचा व मोठ्या आंतड्याचा कर्करोग यांच्या बाबतींत ती कितपत टिकते, याचा विचार केला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

हे रोग कांहीं घराण्यांत ठाण मांडून बसतात, ही गोष्ट नवी नाहीं. पॉल ब्रोका या फ्रेंच शस्त्रवैद्यानें १८६६ सालींच आपल्या पत्नीच्या माहेरची अशी हकीकत छापली होती. १८९५ सालीं अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत एका शिवणकाम करणाऱ्या बाईनें अ‍ॅल्ड्रेड वॉर्थिन या विकृतिशास्त्रज्ञास सांगितलें कीं, आपल्या घरचीं माणसें आंतड्याच्या नाहीं तर गर्भाशयाच्या कर्करोगानें जातात. आपणही तशाच जाणार. आणि ती तशीच गेली. वॉर्थिननें तिची वंशावळ १९१३ सालीं प्रसिद्ध केली. पण या विकाराच्या मुळाशीं असलेलें पहिलें जनुक सांपडण्यास १९९३ साल उजाडावें लागलें. स्तनांच्या कर्करोगाचीं दोन प्रमुख जनुकें १९९४ व १९९५ सालीं हातीं आलीं.

येथें घाबरटांसाठीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. स्तनांच्या कर्करोगांपैकीं असे सरळ वारशानें आलेले शेंकडा ५ ते १० च असतात. एखादी मावशी उतारवयांत या रोगानें गेली म्हणून भाचीनें धसका घेण्याचें कारण नाहीं. मात्र सदोष जनुक ज्याच्या अंगीं आहे, त्याच्या प्रत्येक अपत्यास, मुलगा असो वा मुलगी, तें मिळण्याचा संभव निम्मा असतो. आपल्याकडे केवळ आईच्या बाजूची चौकशी करतात, ही मोठीच चूक होय. आत्याचें दुखणें बापाच्या वाटेनें पुतणीकडे तितक्याच सहज येतें.

मग रोग्यानें हें भावंडांस सांगावें काय? आणि तो न सांगेल तर वैद्यानें सांगावें काय? न्यू जर्सी संस्थानांत एक गृहस्थ १९६४ सालीं आंतड्याच्या कर्करोगानें वारले. आंतड्यांत असंख्य गांठी उठण्याचा आनुवंशिक विकार त्यांस होता. मुलगी तेव्हां दहा वर्षांची होती. १९९० सालीं तिलाही तोच कर्करोग निघाला. तिच्या फिर्यादीवर १९९६ सालीं अपील न्यायालयानें म्हटलें कीं, ज्यांना धोका आहे त्यांच्यापर्यंत इशारा पोंचावा म्हणून वैद्यानें वाजवी उपाय योजणें अवश्य आहे. आम्हांस त्या मुलीविषयीं पूर्ण सहानुभूति आहे. तरीपण वैद्यानें रोग्यास डावलून त्याच्या नातलगांस पत्रें धाडावीं, हें आम्हांस पसंत नाहीं. अशानें रोगी वैद्याशींही मोकळेपणें बोलेनासा होईल. रोग्यास निःसंदिग्ध शब्दांत सांगणें व पुनःपुन्हां आठवण देणें हें वैद्याचें काम. भावंडांस कळविणें हें मात्र रोग्याचेंच. त्यास तो केवळ सौजन्य मानीत असेल तर आम्ही त्यास ऋण म्हणूं.

कांहींजण विचारतील, ज्यास हें जाणून घ्यावयाचेंच नाहीं त्याच्या शांततेचा भंग कां करावा? उपाय नसलेल्या रोगाविषयीं हा आक्षेप आम्हीं मानला असता. पण आंतड्यांतील गांठ दुर्बिणीनें वेळींच काढली तर तिचा कर्करोग होतच नाहीं. म्हणूनच ज्याच्या आईबापांस वा भावंडांस हा रोग झाला, त्यानें चाळिसाव्या वर्षीं, किंवा त्या आप्तास ज्या वयीं झाला त्याच्या दहा वर्षें आधीं, यांपैकीं जें अगोदर येईल तेव्हां तपासणीस लागावें, असा सल्ला देतात. जनुकाची परीक्षा करावी कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें ठरवावें. पण ठरविण्यापुरतें तरी त्यास कळलें पाहिजे.

खरी अडचण सोयरिकीची आहे, आणि ती खोटी म्हणून झटकतां येत नाहीं. "घराण्यांत कर्करोग आहे" एवढ्या कुजबुजीनें निरोगी मुलीचें स्थळ मोडतें. नुकसान तिचें, आणि गुप्ततेचा लाभही प्रथमदर्शनीं तिचाच दिसतो. परंतु पस्तिसाव्या वर्षीं छातींतील गांठ अंगावर काढणारीही तीच असते. आपण श्राद्धाच्या दिवशीं बापाकडील तीन पिढ्यांचीं नांवें उच्चारतों, आईकडीलही उच्चारतों. त्यांतील कोण, कितव्या वर्षीं, कोणत्या अवयवाच्या विकारानें गेलें, असें विचारलें तर "पोटाच्या दुखण्यानें" यापलीकडे उत्तर मिळत नाहीं. आणि तेवढें तरी सांगूं शकणारी आजी बहुतेक घरांतून ऐंशीच्या पुढें गेलेली असते.