दुसरे पाचशे

गेल्या दिवाळीत आम्ही सात जण एका मित्राच्या फ्लॅटवर पोकरची छोटी टुर्नामेंट खेळत होतो. प्रवेश ५०० रुपये. पहिल्या तासात चिप्स संपल्या तर आणखी ५०० भरून पुन्हा बसायचं. याला री-बाय म्हणतात. तासानंतर ज्याच्या चिप्स संपल्या तो बाहेर.

माझ्या हातात दोन बदाम होते. टेबलावर उघडलेल्या तीन पत्त्यांत आणखी दोन. अजून एक आला की फ्लश. न दिसलेल्या ४७ पत्त्यांत बदाम उरले होते ९ आणि दोन पत्ते उघडायचे बाकी होते. म्हणजे फ्लश लागण्याची शक्यता साधारण ३५ टक्के. पॉटमध्ये १००० चिप्स, माझ्यापुढे १०००, समोरच्याकडेही तेवढ्याच. मी सगळ्या पुढे सरकवल्या.

हा वेडेपणा नव्हता. समोरच्याने पत्ते टाकले तर पॉटमधले १००० माझे. त्याने कॉल केला तर १०० पैकी ३५ वेळा मला २००० मिळणार, ६५ वेळा माझे १००० जाणार. सरासरी काढली तर दर वेळी ५० चिप्सचा फायदा. याला सेमी-ब्लफ म्हणतात. जिंकायचे दोन रस्ते असतात: समोरचा घाबरेल, नाहीतर पत्ता येईल.

समोर आमच्या टीममधला सगळ्यात ज्युनियर मुलगा होता. त्याने बराच वेळ विचार केला आणि पत्ते उलटे करून टाकले. टेबलावरच्या राजाशी त्याची जोडी जमली होती. तो माझ्या पुढे होता.

"भाई, काय डेअरिंग!" सगळे मला म्हणाले.

तो एवढंच म्हणाला, "दादा, तुझ्याकडे दुसरे पाचशे आहेत. माझं एकदाच खेळायचं ठरलंय."

घरी आल्यावर मी हिशोब पुन्हा केला. त्याने कॉल केला असता तर माझी सरासरी कमाई होती ५०. पत्ते टाकले म्हणून मिळाले १०००. मधले ९५० कुठून आले? ते माझ्या पत्त्यांतून आले नव्हते. त्याच्याकडे दुसरे पाचशे नव्हते, तिथून आले होते. ज्याच्या खिशात री-बाय आहे त्याने हसत कॉल केला असता. शिवाय पॉट ५०० चा असता, तर कॉल झाल्यावर हीच चाल मला दर वेळी सरासरी १२५ चिप्सना पडली असती.

मी काही गैर केलं का? मला नाही वाटत. नियम सगळ्यांना माहीत होते, तो स्वतःहून बसला होता. मला खटकतो तो 'डेअरिंग' हा शब्द.

दोन वर्षांपूर्वी मी नोकरी सोडून मित्रांबरोबर स्टार्टअप केला. आठ महिन्यांत तो बुडाला आणि मी पुन्हा नोकरीला लागलो. आईबाबांचं पुण्यात घर आहे, डोक्यावर कर्ज नाही. तेव्हाही लोक डेअरिंगच म्हणाले. हा मुलगा दर महिन्याला गावी पैसे पाठवतो. त्याने नोकरी सोडली नाही, म्हणून त्याला 'सेफ खेळतो' म्हणतात. म्हणणाऱ्यांत मीही होतो.

मग री-बाय असणाऱ्याने खेळूच नये का? खेळावं. ज्याला हरणं परवडतं त्यानेही हात आखडता घेतला, तर नवं काही कोण करणार? पण ज्याच्याकडे एकच प्रवेश आहे त्याला 'रिस्क घे रे' असं शिकवू नये. जिगर मोजायची तर हरल्यावर काय जाणार आहे, त्यावर मोजावी.

त्या रात्रीचं एक सांगायचं राहिलं. तास संपला, री-बाय बंद झाले. थोड्या वेळाने मला पुन्हा तसाच हात आला, या वेळी किलवरचा. ९ पत्ते, ३५ टक्के, पॉटही जवळपास तेवढाच. समोरच्याने बेट लावली. मी चिप्सवर हात ठेवला आणि काढून घेतला. पत्ते टाकले.

तो मुलगा अजून खेळत होता. माझ्याकडे बघून हसला, पण बोलला काही नाही.