आठव्या दिवसाची काळजी

ठाण्यातल्या बाळकुम नाक्यावरून एक रस्ता कशेळी-भिवंडीकडे जातो, दुसरा माजिवड्याकडे. कंटेनर, दुचाकी आणि पायी माणसं, सगळ्यांना तोच रस्ता. अपघात झाला की गर्दी जमते, पण हात लावायला माणसं कचरतात. पोलिसांचा ससेमिरा नको! खरं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायदाच मदत करणाऱ्याला संरक्षण देतो. नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या नाणीजच्या नरेंद्राचार्य महाराज संस्थानाने महामार्गांवर मोफत रुग्णवाहिका ठेवल्या आहेत. भक्तीला चाकं लावणारं हे काम मला मोठं वाटतं. पण जखमीला रुग्णालयात पोचवलं, की पुढे काय?

मे 2025 पासून केंद्राची योजना आहे: अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत, रोकड न भरता उपचार. आठव्या दिवशी मात्र घरच्यांना दागिने आठवतात. मोडलेल्या पायाला महिनोन्महिने व्यायामोपचार लागतात, रोजंदारी बुडते, रात्री दचकून जाग येते. यासाठी मदतीची मागणी एकटं कुटुंब कुठे करणार?

देऊळ, मशीद, चर्च, गुरुद्वारा यांच्यामागे माणसं असतात, म्हणून त्यांचा शब्द वजनदार असतो. तो महापालिकेपुढे, आमदारांपुढे टाकायला हवा. तुमच्या भजनी मंडळात, जुम्म्याला, रविवारच्या प्रार्थनेनंतर या योजनेची माहिती वाचून दाखवा, आणि आठव्या दिवसानंतरच्या उपचारांसाठी एक सामायिक निवेदन द्या.