विक्री की जांगड?

सुरतेच्या हिरेबाजारात ‘जांगड’ हा शब्द पोराटोरांनाही ठाऊक असतो. व्यापारी हिऱ्यांची पुडी दलालाच्या हाती देतो, चिठ्ठीवर ‘जांगड’ असे लिहितो आणि सौदा ठरेपर्यंत मालकी आपल्याकडेच ठेवतो. हाती माल आहे पण स्वामित्व नाही, हे उभयतांस माहीत असते. म्हणूनच लाखोंचा व्यवहार त्या चिठ्ठीवर निर्धास्त चालतो. या जांगडीचे स्मरण आम्हांस परवा एका मुलाच्या प्रश्नाने झाले.

उधना भागातील एका खानदेशी कुटुंबातला हा मुलगा. व्हिडिओ गेमची तबकडी खेळून झाली की ती निम्म्या किमतीस विकून तो दुसरी घेतो. बाजारातील काही नव्या यंत्रांना तबकडीची खाचच नसते, हे कळल्यावर तो म्हणाला, “काका, मग पैसे देऊन घेतलेला खेळ मला विकता यायचा नाही?”

प्रश्न जुनाच आहे. जून २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की, ‘एक्सबॉक्स वन’ या यंत्राने दर चोवीस तासांत एकदा इंटरनेटवरून हजेरी दिली पाहिजे, एरव्ही खेळ बंद. आणि वापरलेला खेळ पुन्हा विकता यावा की नाही, हे प्रकाशकांनी ठरवावे. त्याच महिन्यात सोनीने आपल्या ‘प्लेस्टेशन ४’ वर असली बंधने नसल्याचे सांगितले. ग्राहक इतके खवळले की १९ जून रोजी मायक्रोसॉफ्टला दोन्ही अटी मागे घ्याव्या लागल्या. परंतु पुढच्या दाराने हाकललेली गोष्ट मागच्या दाराने आली. तबकडीच नाही, तर पुनर्विक्री कशाची?

निर्मात्यांची बाजूही ऐकली पाहिजे. एकच प्रत दहा हातांतून फिरली तर त्यांस मोल एकदाच मिळते. खरे आहे, पण ग्रंथकारासही तेवढेच मिळते. एक डॉलरहून कमी किमतीस विकू नये, अशी अट पुस्तकावर छापणाऱ्या प्रकाशकाचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ सालीच फेटाळला होता. आपला १९३० चा मालविक्री कायदाही खरेदीदारास निर्वेध ताब्याची गर्भित हमी देतो. संगणक-प्रणालीच्या बाबतीत कायद्याची वाट इतकी सरळ नाही, हे मान्य. म्हणूनच येथे नीतीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

दानाचे उदक सोडल्यावर यजमानाने गाईच्या दाव्याचे टोक हाती धरून ठेवले, तर ते दान नव्हे, हे आपणांस कोणी शिकवावे लागत नाही. विक्रीचेही तसेच आहे. ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ २०१४ साली विक्रीस आला. ३१ मार्च २०२४ रोजी निर्मात्यांनी आपली सेवायंत्रे बंद केली आणि घरोघरच्या तबकड्या केवळ चकत्या उरल्या. दाव्याचे टोक कोणाच्या हाती होते, ते त्या दिवशी कळले.

जांगड देण्यात पाप नाही. भाड्याने द्यावे, मुदतीने द्यावे; परंतु जांगड देऊन विक्रीचे दाम घेणे व तिला विक्री म्हणणे, हा शब्दाचा अपराध आहे. परत घेता येणारा परवानाच द्यावयाचा असेल, तर तसे स्पष्ट सांगितल्यावाचून ‘खरेदी’ हा शब्द वापरू नये, असा कायदा कॅलिफोर्नियात २०२५ पासून लागू झाला आहे. सुरतेच्या चिठ्ठीवरील एका शब्दाने जे साधते, तेच साधावयास तिकडे विधिमंडळास कायदा करावा लागला!

त्या मुलास आम्ही सांगितले, “घेण्यापूर्वी विचार : ही विक्री की जांगड? तुझी तबकडी तू खुशाल विक. मात्र तिची चोरटी नक्कल घरी ठेवून विकशील, तर तूही उदक सोडून दावे धरलेसच.”

मुलगा क्षणभर गप्प झाला. ते मौन आम्हांस उत्तरासारखेच वाटले.