भीतीचं व्याज

हे मनन सावकाश वाचण्यासाठी आहे. अर्धा तास मोकळा असेल तेव्हाच हाती घ्या. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. जवळ एक कागद आणि पेन असू द्या. घरातलं कुणी वाचून दाखवणार असेल तर उत्तमच, म्हणजे ऐकताना डोळे मिटता येतील. जिथे ‘थांबा’ असं म्हटलं आहे, तिथे खरोखरच थांबा.

आधी भीती निवडू या. सर्वांत मोठी, सर्वांत जुनी भीती आज बाजूला राहू द्या. रोजच्या जगण्यात आडवी येणारी, मध्यम आकाराची एखादी घ्या. सोबतीला एक उदाहरण घेऊ, ते पुष्कळांना ओळखीचं असेल. समोरच्याचा आवाज चढला किंवा चेहरा जरा उतरला, की आपण पटकन ‘हो’ म्हणून मोकळे होतो. साहेबांना सांगतो, शनिवारी येतो. परत येणार नाहीत हे ठाऊक असूनही नातेवाइकाला पैसे देतो. सोसायटीच्या सभेत न पटलेल्या ठरावाला हात वर करतो. नंतर घरी येऊन चिडचिड करतो, तीही भलत्याच माणसावर. कुणी नाराज होईल, ही ती भीती. तुमची वेगळी असेल तर या उदाहरणाच्या जागी ती ठेवा.

एक मर्यादा आत्ताच सांगायला हवी. काही भीती खऱ्या धोक्याची असते. घरात मारहाण करणारा माणूस असेल, तर तिथे धीर धरत बसायचं नसतं. बाहेर पडून मदत घ्यायची असते. जुन्या आघाताच्या आठवणीने भान हरपत असेल, तर हे मनन एकट्याने करू नका, मानसोपचारतज्ज्ञाच्या सोबतीने करा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

बसणं

पाठ टेकवा. दोन्ही पावलं जमिनीला पूर्ण लागली आहेत का, ते बघा. जबडा सैल सोडा. खांदे कानांकडे चढलेले असतील तर खाली येऊ द्या.

आता श्वासाकडे या. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित मंदावतात. शरीराची रचनाच तशी आहे. म्हणून श्वास सोडताना थोडा जास्त वेळ घ्या. जोर लावू नका.

असे पाच श्वास होऊ द्या. थांबा.

आठवणं

ही भीती अलीकडे कधी आली होती? एकच प्रसंग घ्या. जागा आठवा: केबिन, स्वयंपाकघर, जिना, फोनवरचं बोलणं. समोर कोण होतं? त्या माणसाने नेमकं काय म्हटलं? तुम्ही काय उत्तर दिलंत?

प्रसंग डोळ्यांसमोर आला की गोष्ट सोडून द्या आणि अंगाकडे बघा. छातीत काही हललं का? घशात आवंढा? पोटात खड्डा? तळवे गार? अॅड्रेनलिन रक्तात उतरलं की हृदय जोरात धडधडतं, तोंड कोरडं पडतं, रक्त कातडीकडून मोठ्या स्नायूंकडे वळतं. शरीराने पळण्याची किंवा झुंजण्याची तयारी केलेली असते. समोर वाघ नसून फक्त भुवया उंचावलेले साहेब आहेत, ही बातमी त्याला उशिरा पोचते.

इगतपुरीच्या धम्मगिरीवर सत्यनारायण गोएंकांच्या परंपरेतली दहा दिवसांची विपश्यना शिबिरं चालतात. तिथे साधक आधी काही दिवस नुसता श्वास पाहतो आणि मग अंगावरच्या संवेदना. पुढे ‘अधिष्ठान’ असतं: तासभर आसन बदलायचं नाही. गुडघा ठणकतो, हलावंसं वाटतं, आणि न हलता ते पाहायचं. तासाभरात जे कळतं ते साधंच असतं. संवेदना वाढते, टिकते आणि आपण काही न करताही उतरते. ती उमटणं आणि आपण तिच्या सांगण्यावरून वागणं, या दोहोंमध्ये थोडी जागा असते.

आत्ता तेवढंच करा. जिथे भीती जाणवते आहे तिथे लक्ष ठेवा. तिला हाकलू नका, तिची समजूतही घालू नका. ती कुठे सुरू होते, कुठवर पसरते, आहे तशी राहते की बदलते, एवढंच बघा. थांबा.

वय विचारणं

आता विचारा: ही भीती किती वर्षांची आहे?

ती पहिल्यांदा आली तेव्हा तुम्ही कुठे राहत होता? चाळीत, वाड्यात, क्वार्टरमध्ये? दारात कुणाच्या चपला वाजल्या की घरातले आवाज खाली यायचे? प्रगतिपुस्तकावर सही घेण्यासाठी कोणती वेळ साधायची, हे तुम्हाला कसं कळायचं? आई नुसत्या डोळ्यांनी ‘आत्ता नको’ म्हणायची का?

त्या मुलाकडे किंवा मुलीकडे जरा बघा. उंची मोठ्यांच्या कमरेइतकी. हातात पैसा नाही, जायला दुसरं घर नाही. मोठ्या माणसाचा राग म्हणजे जेवणाच्या पानावरची शांतता जाणं, कदाचित मार, कदाचित दिवसेंदिवस अबोला. अशा वेळी त्या पोराने उपाय शोधला: गप्प राहायचं, हसायचं, ‘हो’ म्हणायचं. त्या घरात, त्या वयात उपाय बरोबर होता. त्याने निभावलं, म्हणून आज तुम्ही इथे बसला आहात. त्याला भित्रं म्हणू नका.

आई-वडिलांवर खटला भरण्याचंही इथे कारण नाही. त्यांनीही लहानपणी कुणाच्या तरी चपलांचा आवाज ऐकलेला असेल.

आता फक्त आजची उंची, आजचा पगार, आजचं घर आठवा. आज एखादा माणूस तुमच्यावर नाराज झाला, तर रात्रीचं जेवण बंद होणार आहे का? थांबा.

सुटका पाहणं

मननाचा हा गाभा आहे, इथे जास्त वेळ द्या. त्या प्रसंगात तुम्ही ‘हो’ म्हणालात, त्याच्या पुढच्या क्षणी काय वाटलं? घाई नको, नीट आठवा. समोरचा चेहरा सैलावला. तुमची छाती मोकळी झाली. हुश्श झालं. चिडचिड, पश्चात्ताप हे सगळं नंतर आलं. आधी आली ती सुटका.

ओ. होबार्ट मौरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये मांडलं, की भीती लागते एका कारणाने आणि टिकते दुसऱ्याच कारणाने. लागते ती एखाद्या वाईट अनुभवाशी जोड जमल्यामुळे. टिकते ती टाळल्यामुळे. टाळलं की बरं वाटतं, ते बरं वाटणं हेच बक्षीस ठरतं, आणि पुढच्या वेळी टाळण्याकडे पाय आपोआप वळतात. शिवाय, टाळलं नसतं तर काय झालं असतं, हे कधी कळतच नाही.

हा सावकारी व्यवहार आहे. प्रत्येक ‘हो’ म्हणजे व्याजाचा हप्ता. भरला की सावकार आजच्यापुरता दारातून जातो, मुद्दल मात्र एका पैशानेही कमी होत नाही. वीस-वीस वर्षं हप्ते भरणारी माणसं आपल्या आसपास आहेत. त्यांना समजूतदार म्हणून घरात आणि ऑफिसात मान असतो, म्हणून तर ही भीती ओळखू येत नाही.

कागद घ्या. तुमचे हप्ते लिहा. मोठे पटकन सापडतात: टाळलेला समारंभ, न दिलेला अर्ज, न केलेला फोन. बारीकही शोधा. ‘बघतो’, ‘कळवतो’. प्रत्येक वाक्याआधी ‘सॉरी’. गंभीर बोलताना मधेच हसणं. चारदा वाचून पुसलेला मेसेज. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न विचारण्यासाठी बहिणीला पुढे करणं. वहीत लिहिल्यासारखं लिहा, स्वतःला दोष न देता. थांबा.

भाकीत तपासणं

सुटकेच्या आधी मनाने एक भाकीत केलेलं असतं. ते इतक्या झटकन येतं की वाक्य म्हणून ऐकूच येत नाही. आज ते ऐका. ‘मी नाही म्हटलं तर…’ याच्या पुढे काय येतं? ‘ते कायमचे दुरावतील.’ ‘माझी नोकरी जाईल.’ ‘मला ते सहनच होणार नाही.’ जे येईल ते लिहा.

न्यूयॉर्कमध्ये वाढलेले अल्बर्ट एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला घाबरत. एकोणीस वर्षांचे असताना त्यांनी ठरवलं, ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसायचं आणि बोलायचं. एका महिन्यात शंभरेक जणींशी ते बोलले. भेटायला यायचं एकीने कबूल केलं, तीही आली नाही. हिशेबाने पाहिलं तर सपशेल अपयश. पण ज्या अनर्थाची धास्ती होती, तो शंभरांत एकदाही घडला नाही, आणि बोलण्याची भीती ओसरली. पुढे याच एलिसांनी १९५०च्या दशकात विवेकनिष्ठ उपचारपद्धती उभी केली आणि मुंबईच्या कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत आणली. ‘गैरसोयीचं’ आणि ‘भयंकर’ यांत फरक करा, हे या पद्धतीचं आग्रहाचं सांगणं आहे. नकार ऐकणं गैरसोयीचं असतं. कुणी चार दिवस तुटक बोलणं, हेही गैरसोयीचं. त्याला ‘भयंकर’ आपण म्हणतो.

तुमच्या भाकिताकडे परत या. त्यातलं गैरसोयीचं किती? भयंकर किती? दोन रकाने करा. थांबा.

पायऱ्या मांडणं

१९२४ मध्ये मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. पीटरला सशाची भीती वाटे. पिसं, लोकर, कापूस यांचीही. ससा पिंजऱ्यात घालून आधी १२ फुटांवर ठेवला. ते सहन झालं, मग ४ फुटांवर, मग आणखी जवळ. भीती न वाटणारी दुसरी मुलं आसपास असत. मधेच पीटर आजारी पडला, इस्पितळात राहिला, त्यातच एका मोठ्या कुत्र्याने त्याला घाबरवलं आणि भीती पुन्हा पहिल्यासारखी झाली. जोन्स यांनी पुन्हा लांबून सुरुवात केली. या वेळी पीटर आवडीचं खात असताना ससा हळूहळू जवळ आणला. शेवटी पीटर सशाला आपली बोटं कुरतडू देऊ लागला.

इथे दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. अंतर आपण ठरवायचं असतं. आणि शेजारी न घाबरणारं कुणी असलं तर बरं पडतं.

तुमचा १२ फुटांवरचा ससा कोणता? हॉटेलात चहा गार आला तर बदलून मागणं. रिक्षावाल्याला ‘मीटरने चला’ म्हणणं. मैत्रिणीला ‘आज नको, उद्या बोलू’ म्हणणं. साहेब आणि मोठे काका चौथ्या-पाचव्या पायरीवर ठेवा. पाच पायऱ्या लिहा आणि पहिलीवर खूण करा. थांबा.

उभं राहणं

डोळे मिटा. पहिल्या पायरीचा प्रसंग समोर आणा. म्हणायचं वाक्य ठरवा. आखूड असू द्या: ‘या शनिवारी मला जमणार नाही.’ कारणांची शेपटी लावू नका. शेपटी जितकी लांब, तितकी समोरच्याला धरायला सोपी.

मनात ते वाक्य म्हणा. आता समोरचा गप्प आहे. ही शांतता भरून काढावीशी वाटेल. ‘पण बघतो काही जमलं तर’ हे जिभेवर येईल. हप्ता मागायला सावकार आला आहे. श्वास सोडा. छातीत जे चाललं आहे ते चालू द्या. पावलं जमिनीवर आहेत. भीती वाढेल, टिकेल, उतरेल. ती उतरेपर्यंत तिथेच राहा. थांबा. घाई वाटत असेल तर आणखी थोडं थांबा.

मागे फिरणं

भीती परत येईल. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलोव्ह यांना आपल्या प्रयोगांतल्या कुत्र्यांमध्ये दिसलं होतं, की शिकवलेला प्रतिसाद विझला तरी काही काळाने आपोआप पुन्हा डोकं वर काढतो. जुनी शिकवण पुसली जात नाही, नवी तिच्या शेजारी उभी राहते आणि सरावाने बळकट होते. आपल्याकडे योगसूत्रकार पतंजलींनी क्लेशांच्या, म्हणजे मनाला पीडणाऱ्या वृत्तींच्या, चार अवस्था सांगितल्या: प्रसुप्त, तनू, विच्छिन्न, उदार. निजलेला, रोडावलेला, मधेच खंडित झालेला आणि पूर्ण जागा. रोडावलेली भीती दिसेनाशी झाली म्हणजे संपली असं नव्हे, हे त्यांना ठाऊक होतं.

गांधीजींचं उदाहरण घ्या. बॅरिस्टर होऊन आल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात ते पहिल्या खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले आणि एकही प्रश्न सुचला नाही. खाली बसले, फी परत केली. १८९३ मध्ये प्रिटोरियात भारतीय व्यापाऱ्यांपुढे त्यांनी पहिलं जाहीर भाषण केलं. विषय होता व्यवहारातला खरेपणा आणि तिथल्या भारतीयांची स्थिती. सांगण्यासारखं काही होतं, ऐकणाऱ्यांना त्याची गरज होती, आणि शब्द आले. तरीही हा बुजरेपणा आपल्यातून पूर्ण कधीच गेला नाही, अशी कबुली त्यांनी आत्मकथेत दिली आहे. पुढची सगळी भाषणं त्या बुजरेपणासकटच झाली.

म्हणून निर्भय होण्याची वाट बघू नका. कागदावर पहिल्या पायरीखाली तीन गोष्टी लिहा: माणूस, वाक्य, वेळ. वेळ येत्या दोन दिवसांतली असू द्या. करून झाल्यावर भाकिताशेजारी प्रत्यक्ष काय घडलं ते लिहा. जमलं नाही तर तीच पायरी पुन्हा, किंवा तिच्याहून खालची. आता उठा, आणि ठरलेल्या वेळी ते वाक्य बोला.