दहावीतला अर्जुन

दहावीच्या मुलाला गीतेतलं ‘फळाची आशा धरू नकोस’ ऐकवणारे मोठे निकालाच्या दिवशी पहिला प्रश्न टक्क्यांचाच विचारतात. त्याला तो उपदेश ढोंगी वाटला तर चूक त्याची नाही. पण गीता सुरू होते तीच मुळी अर्जुनाच्या तोंडाला पडलेली कोरड, अंगाचा कंप आणि हातातून निसटणारं गांडीव यांनी; प्रश्नपत्रिका हाती पडताना होतं तेच. कोणी म्हणेल, अकरावीचा प्रवेश गुणांवर ठरतो, मग फळ विसरायचं कसं? विसरायला सांगितलंय कुठे? पेपर लिहिणं आपल्या हाती, तपासणं नाही, इतकाच त्याचा अर्थ. टिळकांनीही १९१५च्या ‘गीतारहस्या’त कर्म टाळायचं नव्हे, करायचंच, असं मांडलं. उपदेशाची घाई असलेल्या पालकांनी मात्र पहिला अध्याय पुन्हा वाचावा. त्यात कृष्ण जेमतेम एक वाक्य बोलतो. बाकी वेळ तो ऐकतो.